पट कमी झाला, पण कुणाच्या वहीत? (बडोद्यातल्या मराठी शाळा)

वाडीकर

नमस्कार मंडळी. मुलगी तिसरीत आहे, नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळेत. मी एसएमसीवर, म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीवर, पालक सभ्य (सदस्य) आहे. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, बाईंना उगाच त्रास नको.

मागच्या मिटिंगला पटाचा तक्ता फळ्यावर लिहिला होता. पहिली ते पाचवी मिळून साठाच्या जेमतेम वर. त्यात तिसरीच सगळ्यात रोडावलेली, म्हणजे आमच्याच मुलीचा वर्ग. बाई म्हणाल्या, साठावर किंवा त्याखाली आलो की एक शिक्षक ‘वध’मध्ये, म्हणजे जादा ठरून, जाणार. तेव्हापासून कुजबुज सुरू आहे की पुढच्या जूनमध्ये आपली शाळा दुसऱ्या शाळेत जोडणार. ती शाळा मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. दुसरीतल्या पोराला तो रस्ता एकट्याने ओलांडता येणार नाही.

ज्यांनी मुलं काढली त्यातल्या काही पालकांना मी सहज विचारलं. एकाला आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के जागांत, खासगी शाळा लागली. एकाने वाड्यातली खोली सोडून गोत्रीकडे फ्लॅट घेतला. एकीच्या नवऱ्याची नोकरी हालोलला गेली. ‘मराठी नको’ असं एकानेही म्हटलं नाही. मला विचारायचंय ते हे: पट कमी होतोय तो नक्की कशाने, आणि शाळा जोडायची की ठेवायची हे ठरवतं कोण? प्रत्येक कचेरी दुसरीचं नाव सांगते.

सेवउसळ

यात संशोधन कसलं? मराठी माणसालाच मराठी शाळा नको आहे. दांडिया बाजारात गणेशोत्सवाला ढोल वाजवणारे सगळे मुलांना सीबीएसईला घालून मोकळे. मग समितीच्या नावाने गळा काढायचा.

मांजलपूरकर

सेवउसळ, मी त्या ‘सगळ्यां’पैकीच एक. मुलगा इंग्रजीत आहे आणि मला त्याची लाज नाही. मी स्वतः मराठी माध्यमातून शिकलो, पुढे कॉलेजात इंग्रजीशी झगडलो, ते मुलाच्या वाट्याला यायला नको होतं. घरी आम्ही मराठीच बोलतो, आजी त्याच्याकडून रोज पाढे म्हणून घेते. पण मला कुणी विचारलंच नव्हतं. मांजलपूरला घर घेतलं तेव्हा चालत जाता येईल अशी मराठी शाळा जवळ दिसली नाही. जुन्या शहरातल्या शाळा जुन्या शहरातच राहिल्या, माणसं इकडे आली. यात भाषेचं प्रेम कुठे मोजणार?

जुन्या बाई

वाडीकर, मी समितीच्या शाळांमध्येच नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले, त्यामुळे मेकमचं गणित सांगते. मेकम म्हणजे मंजूर शिक्षकसंख्या. ते आरटीईच्या परिशिष्टावरून ठरतं. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच. १५० च्या वर गेलात तर वेगळा मुख्य शिक्षक. सहावी ते आठवीत पस्तीस मुलांमागे एक, पण गणित-विज्ञान, समाजशास्त्र आणि भाषा यांना किमान एकेक हवाच.

आता तुमच्या शाळेत बसून बघा. ६१ मुलं असली तर पाच वर्गांना तीन बाई. दोन मुलं गेली, ५९ झाली की दोन बाई. एका बाईंकडे पहिली-दुसरी, दुसऱ्यांकडे तिसरी-चौथी-पाचवी. वरच्या वर्गाला भागाकार घातला की खालच्या वर्गाचं शुद्धलेखन तपासायचं, तोवर माध्यान्ह भोजनाची वेळ होते, मग हजेरी ऑनलाइन भरायची. हे बघून अजून चार पालक दाखला मागायला येतात. मी हे बघितलंय. पट घसरतो म्हणून शिक्षक जातो, शिक्षक गेला म्हणून पट घसरतो, आणि जादा शिक्षकांना दुसरी शाळा देतात त्या वधघट कॅम्पमध्ये मराठी माध्यमाच्या शिक्षकाला जागाच मोजक्या असतात, म्हणून तो गेला की परत यायची आशा कमी.

कोण ठरवतं याबद्दल. तुमची शाळा समितीची. समिती १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याखालची. त्यातले बरेचसे सभ्य नगरसेवक मतं देऊन निवडतात, काही सरकार नेमतं, आणि कारभार शासनाधिकारी बघतात. पण समितीचा हात आठवीपर्यंतच. नववी ते बारावी जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे, म्हणजे डीईओकडे. शहराबाहेरच्या पंचायतीच्या शाळा जिल्हा प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे. आरटीईचे फॉर्म डीईओ कचेरीत. खासगी शाळांच्या फीसाठी २०१७ च्या कायद्याने फी नियमन समिती केली, तिच्या चार झोनपैकी एक बडोद्याचा. अभ्यासक्रम आणि पुस्तकं गांधीनगरहून. तुम्हाला एकीकडून दुसरीकडे पाठवतात ते सगळं टाळाटाळ म्हणून नाही, खरोखरच कामं अशी वाटलेली आहेत.

सेवउसळ

म्हणजे सयाजीरावांच्या काळात जे एका कचेरीत होतं ते आता सहा ठिकाणी. प्रगती!

जुन्या बाई

महाराजांचं नाव घेतलंत तर नीट घ्या. १८९३ ला अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं ते प्रयोग म्हणून, आणि सगळ्या राज्यात लागू केलं १९०६ ला. मध्ये तेरा वर्षं गेली, कारण शाळा, शिक्षक आणि पैसा जमवायचा होता. मुलांना सात ते बारा वयापर्यंत, मुलींना सात ते दहा. मूल शाळेत नाही आलं तर पालकाला दंड होता. दंड करायचा म्हणजे गावात त्या वयाची मुलं कोणती याची यादी सरकारकडे हवी ना? तिथे आधी मुलं मोजली जात, मग त्यांतली शाळेत किती ते बघितलं जाई. आज आपण उलटं करतो. जी शाळेत आहेत तीच मोजतो.

१ मे १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि संस्थानच्या शिक्षणखात्याचा, म्हणजे विद्याधिकारी कचेरीचा, कारभार संपला, त्यानंतर मुंबईचा कायदा आपल्याला लागू. तिकडे १९२३ च्या कायद्यापासूनच स्कूल बोर्डं होती. महाराष्ट्राने आता महापालिकांची शिक्षण मंडळं मोडीत काढली, पुण्याचंही गेलं. आपल्याकडे समिती अजून आहे.

आकडेमोड

वाडीकर, तुमच्या मुलीचा वर्ग सगळ्यात लहान का, याचं उत्तर भाषेतही नाही आणि गोत्रीतही नाही. ते वयाच्या नियमात आहे.

गुजरातने जून २०२३ पासून नियम केला की १ जूनला सहा पूर्ण असतील तरच पहिलीत प्रवेश. त्याआधी पाच पूर्ण झालेली मुलं सर्रास पहिलीत बसत. मग २०२३ च्या जूनमध्ये काय झालं? ज्यांना सहा पूर्ण होती त्यांतली बहुतेक आदल्या वर्षीच पहिलीत गेलेली. पाच पूर्ण असलेली बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, गेली. पहिलीला उरली ती थोडी, उशिरा घातलेली मुलं. तीच तुकडी आज, २०२५-२६ ला, तिसरीत आहे. कुठल्याही माध्यमाच्या शाळेत जाऊन तिसरी बघा, दुसरीपेक्षा लहान दिसेल. ही तुकडी २०२८-२९ ला सहावीत जाईल, तोपर्यंत पहिली-ते-पाचवीच्या बेरजेत हा खड्डा राहणारच.

मुद्दा असा की मेकम त्या बेरजेवर ठरतं. नियम सरकारचा, खड्डा नियमामुळे, आणि शिक्षक मात्र शाळेचा जाणार. एसएमसीच्या ठरावात हे सगळ्यात वर लिहा. इयत्तावार पट मागवा, पाच वर्षांचा. एकूण पटात काहीच दिसत नाही. आणि बालवाटिका धरून की सोडून, हे प्रत्येक आकड्याला विचारा.

वाडीकर

आकडेमोड, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही! आमच्या दुसरीत खरंच तिसरीपेक्षा बरीच जास्त मुलं आहेत, आम्ही समजलो बाई चांगल्या आहेत म्हणून.

आकडेमोड

बाई चांगल्या असतीलच, दोन्ही होऊ शकतं.

अजून थोडं लिहितो, कारण ‘पट घसरला’ या बातम्या वाचून लोक फार लवकर छाती बडवतात. देशाचा यू-डायसचा (केंद्र सरकारच्या शालेय नोंदींचा) विद्यार्थिसंख्येचा आकडा २०२२-२३ ला २५ कोटी १७ लाखांच्या आसपास होता, २०२३-२४ ला २४ कोटी ८० लाख, २०२४-२५ ला २४ कोटी ६९ लाख. पण २०२२-२३ पासून शाळेने नुसता आकडा भरायचा बंद झाला, प्रत्येक मुलाची नावानिशी नोंद सुरू झाली. एकच मूल सरकारी शाळेच्या पटावरही आणि खासगी शाळेतही, ही जुनी सोय त्यामुळे आवळली गेली. म्हणजे घसरणीतली काही मुलं मुळात दोनदा मोजलेली होती.

दुसरं, सीमा. २०१३ ला छोटा उदेपूर वेगळा जिल्हा झाला. ‘बडोदा जिल्ह्याची पटसंख्या दहा-पंधरा वर्षांत एवढी घटली’ असा कुणी आलेख दाखवला तर आधी विचारा की छोटा उदेपूर दोन्ही टोकांना धरलाय का. शहराचं उलट. २०२० ला भायली, सेवासी, बिल, वेमाली, ऊंडेरा, करोडिया, वडदला ही गावं पालिकेत आली. गावाची पंचायतीची शाळा समितीकडे वर्ग झाली की समितीचा पट वाढलेला दिसतो, एकही नवं मूल शाळेत न येता.

तिसरं, जन्मच कमी आहेत. गुजरातचा एकूण प्रजनन दर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.९ आहे. याला भाषणाने उपाय नाही.

मांजलपूरकर

आणि चौथं, आरटीई. उत्पन्नाची मर्यादा २०२५ ला सहा लाखांवर नेली. आधी शहरात दीड लाख होती. दीड लाखात बसणारी घरं वेगळी आणि सहा लाखांतली वेगळी. समितीच्या शाळेत रिक्षावाल्याचं मूल होतं तसंच छोट्या कंपनीतल्या फिटरचंही होतं. आता दोघंही पंचवीस टक्क्यांच्या रांगेत. मी त्यांच्या जागी असतो तर मीही फॉर्म भरला असता.

सेवउसळ

बघा, शेवटी इंग्रजीच.

मांजलपूरकर

नाही हो. आरटीईत गुजराती माध्यमाच्या खासगी शाळाही आहेत. लोक गणवेश, बस, दर वर्गाला वेगळ्या बाई हे बघतात. पाच वर्गांना दोन बाई असलेली शाळा तुम्ही निवडाल का, भाषा कुठलीही असो?

थेम्सकाठी

मूळची राजमहाल रोडची, आता बरीच वर्षं लंडनमध्ये. इथल्या एका प्राथमिक शाळेच्या गव्हर्नर मंडळावर आहे, साधारण तुमच्या एसएमसीसारखंच. धागा वाचून हसू आलं, कारण गेल्या आठवड्यातल्या आमच्या बैठकीचा विषयही हाच: मुलं कमी.

इथे इंग्लंड-वेल्समध्ये २०१२ ला ७ लाख २९ हजारांवर जन्म झाले, २०२३ ला ५ लाख ९१ हजार. वर लंडनची घरभाडी. कुटुंबं बाहेर सरकली. कॅम्डेन, हॅकनी, साउदर्क अशा भागांत प्राथमिक शाळा बंद झाल्या किंवा एकमेकींत मिसळल्या. शाळेला पैसे मुलामागे मिळतात, त्यामुळे तीसच्या वर्गात बावीस मुलं बसली तरी बाईंचा पगार, वीज आणि हीटिंग तेवढंच. मग साठ मुलांचा प्रवेश तीसवर आणायचा, दोन तुकड्यांची एक करायची.

फरक एवढाच की इथे विचारायला दार एकच आहे. पुरेशा जागा आहेत की नाही हे बघायची कायदेशीर जबाबदारी कौन्सिलची. प्राथमिकचा फॉर्म १५ जानेवारीपर्यंत कौन्सिलकडे, पसंतीक्रमाने शाळा लिहायच्या, १६ एप्रिलला एकच उत्तर येतं. सगळे फॉर्म एकाच ठिकाणी जमतात, म्हणून पुढच्या सप्टेंबरात कुठल्या शाळेत किती मुलं येणार याचा अंदाज त्यांना बांधता येतो. शाळा बंद करायची तर आधी सल्लामसलत, कागदपत्रं सगळ्यांना वाचायला.

पण फार कौतुक नको. २०१० नंतर असंख्य शाळा अकॅडमी झाल्या, म्हणजे कौन्सिलच्या कारभाराबाहेर गेल्या. जागांची जबाबदारी अजून कौन्सिलचीच, पण अकॅडमीला ‘तू प्रवेश कमी कर’ असा हुकूम त्यांना करता येत नाही. मग कात्री लागते ती कौन्सिलच्या स्वतःच्या शाळांना. जुन्या बाईंनी सांगितलेला वाटप-गोंधळ इथेही आहे, जरा इस्त्री करून.

जुन्या बाई

थेम्सकाठी, तुमच्या कौन्सिलचं काम आपल्याकडेही कायद्यात लिहिलेलं आहे. आरटीईचं नववं कलम. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या नोंदी ठेवायच्या, स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश द्यायचा, जवळ शाळा असेल हे बघायचं, हे सगळं स्थानिक प्राधिकरणाने करायचं. आम्ही उन्हाळ्यात घरोघर सर्व्हे करायचो. शाळाबाह्य मुलं शोधायची, तेवढ्यापुरता. ज्या घरचं मूल खासगी शाळेत, तिथे ‘बरं बरं’ म्हणून पुढच्या दारी. कुठल्या माध्यमात घातलं, का घातलं, जवळ शाळा असती तर इथे घातलं असतं का, असला रकानाच नव्हता. प्रवेशोत्सवाला मंत्री येतात, पाटी-पुस्तक देतात, फोटो निघतो. तो २००३ पासून चालू आहे आणि त्याने खरंच मुली शाळेत आल्या, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण तोही शाळेच्या दारातच उभा असतो, वस्तीत जात नाही.

कायदेपंडित_रावपुरा

उशिरा आलो. भाषक अल्पसंख्याकांचा मुद्दा कुणी काढला नाही, तो वाडीकरांच्या कामाचा आहे.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०अ आलं. भाषक अल्पसंख्याक गटातल्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकायच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न करायचा आहे, आणि कलमात ‘प्रत्येक राज्य’ यासोबत ‘राज्यातलं प्रत्येक स्थानिक प्राधिकरण’ हे शब्द आहेत. म्हणजे समितीलाही लागू. त्याच्या आधी, १९४९ ला, प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलेलं प्रमाण असं: शाळेत एका भाषेची ४० मुलं असली किंवा एका वर्गात १० असली, तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. वाडीकर, तुमची साठ मुलं त्या ४० च्या बरीच वर आहेत. हे प्रमाण धोरण म्हणून आहे, कोर्टात लगेच हुकूम मिळेल असं समजू नका. पण भाषक अल्पसंख्याक आयुक्त हे पद ३५०ब खाली आहेच, आणि एसएमसीचा ठराव जोडून त्यांना पत्र लिहिता येतं.

आरटीईतही २९ व्या कलमात शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं आहे. ‘शक्य तिथवर’ या शब्दांवर सगळं अडतं, हे वेगळं सांगायला नको.

सेवउसळ

पण २०२३ ला गुजराती पहिली ते आठवी सगळ्या शाळांत सक्तीची केली ना? मग मराठी शाळेचं काय राहिलं?

कायदेपंडित_रावपुरा

तो कायदा गुजराती विषय म्हणून शिकवण्याचा आहे. माध्यम बदला असं तो म्हणत नाही. आणि बडोद्याच्या मराठी मुलाला गुजराती यायलाच हवी, याबद्दल आपल्यात भांडण असू नये.

पंड्या_ब्रिज

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. जोडणं इतकं वाईट आहे का? चाळीस मुलं इथे, पन्नास तिथे, दोन-दोन बाई दोन्हीकडे. एकत्र केली तर नव्वद मुलं, तीन बाई. वेगळ्या राहिल्या तर एकूण चार बाई हे खरं, पण प्रत्येक शाळेत पाच वर्गांना दोनच. एकत्र केल्यावर खेळायला टीम होते, स्नेहसंमेलनाला नाटक बसतं. माझी बहीण अशा जोडलेल्या शाळेत शिकवते, ती खूश आहे. शाळा वाचवायची म्हणजे इमारत वाचवायची असं नको व्हायला.

जुन्या बाई

तुमच्या गणितात एक बाई गेली, ते तुम्हीच लिहिलंत. पण मुद्दा रास्त आहे. आठ मुलांच्या वर्गात मीही शिकवलंय, मुलं कंटाळतात. मला जोडणी मान्य आहे, फक्त पोरं रस्त्यात गळता कामा नयेत. दोन शाळा जोडल्या तेव्हा दोन्हींच्या पटाची बेरज जूनमध्ये नव्या शाळेत आली का, हे दाखला-रजिस्टरवरून ताडून बघायचं. माझ्या पाहण्यात ती बेरीज कधी पूर्ण आली नाही. मधली मुलं बहुतेक गुजराती माध्यमात जातात, काही मुली घरी बसतात. आणि कुठल्याच कचेरीला ती गेलेली दिसत नाहीत, कारण जुन्या शाळेचं रजिस्टर बंद झालेलं असतं आणि नव्या शाळेच्या रजिस्टरमध्ये ती कधी आलेलीच नसतात.

वाडीकर

सगळ्यांचे आभार. मी असं करतोय. येत्या मिटिंगला ठराव मांडायचा: गेल्या पाच वर्षांचा इयत्तावार पट, बालवाटिका वेगळी दाखवून, आणि तिसरीचा खड्डा वयाच्या नियमाने आहे हे स्पष्ट लिहून. शिक्षक कमी करताना ही एक तुकडी बाजूला ठेवावी अशी मागणी. सोबत ३५०अ आणि ४०-१०. दुसरी मागणी, जोडणीचा विचार असेलच तर आधी दोन्ही शाळांच्या पालकांसमोर तो कागदावर यावा. एक प्रत शासनाधिकाऱ्यांना, एक समितीच्या चेअरमनना, एक आमच्या वॉर्डच्या नगरसेवकांना.

आणि आम्ही काही पालक मिळून वस्तीतल्या मराठी घरांची यादी करणार आहोत, तीन ते सहा वयाची मुलं किती आणि कुठे जाणार आहेत. सरकारी कागद नाही, साधी वही.

मांजलपूरकर

यादीत मांजलपूर धरा. मी इथल्या सोसायट्यांमध्ये फिरतो. माझा मुलगा परत येणार नाही, पण बालवाटिकेच्या वयाची बरीच घरं माहीत आहेत.

आकडेमोड

वहीत जन्मतारीख लिहा, वय नको. १ जूनची रेष कुणाच्या बाजूने पडते ते त्यावरूनच कळेल. आणि घर भाड्याचं की स्वतःचं, हाही रकाना ठेवा.

जुन्या बाई

ठरावाच्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका. आणि रस्त्याचं विसरलात. आपल्या नियमात पहिली ते पाचवीला एक किलोमीटर, सहावी ते आठवीला तीन. पलीकडची शाळा नकाशावर एक किलोमीटरच्या आत येत असेल. पायी, क्रॉसिंगवरून, मुलाला धरून जाऊन मोजा आणि तो आकडा ठरावात घाला.

वाडीकर

घालतो. रविवारी सकाळी मोजायला जातोय, कुणाला यायचं असेल तर व्यनि करा.